थोरलं तळं, खाणीतलं होंड आणि एक पांढरी ताटली

संक्रांतीला चार दिवस होते. सकाळी म्हशी घेऊन माळावर गेलेला पोरगा पळत परत आला. "सर, खाणीतलं मासं वर आल्यात, सगळीच." आम्ही पोहोचलो तेव्हा कटला आणि रोहू पोटं वर करून तरंगत होते. जिवंत होते ते कडेला येऊन, तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकत होते. हवेत सडक्या अंड्यासारखा वास भरला होता. गावातल्या सात पोरांनी पदरचे पैसे घालून दीड वर्ष सांभाळलेले मासे दुपारपर्यंत संपले.

पहिला संशय विषाचा आला. खाणीला लागून एकाचं कोबीचं शेत आहे. आदल्याच आठवड्यात त्याने फवारणी केली होती, आणि पंप त्याने खाणीत धुतला असणार असं कुणीतरी बोललं. संध्याकाळपर्यंत त्या "असणार"चं "धुतला" झालं. त्या माणसाने पोरांकडे जाऊन शपथ घेतली, पण कुणी ऐकून घेईना. म्हणून मी इथे गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं, पावसाळ्यात भात आणि नंतर वाटाणा, रताळी, कोबी पिकवणारं गाव, एवढं पुरे. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. ती सातही पोरं माझ्या हाताखालून गेलेली, आणि कोबीवाल्याची मुलगी तेव्हा माझ्या वर्गात होती.

गावात पाणी दोन ठिकाणी साठतं. एक थोरलं तळं. एका अंगाला मातीचा बांध, बाकी तिन्ही अंगांनी उतरत येणारं शिवार. श्रावणात भरलं की ते ११ एकर पसरतं. बांधाच्या मोरीपाशी नऊ फूट खोल, इतरत्र छातीला नाहीतर कमरेला पाणी. जादा पाणी सांडव्यावरून ओढ्याला जातं. आमची कानडी बोलणारी शेजारघरं त्याला कोडी म्हणतात आणि "कोडी पडली" हे आम्हीही तसंच म्हणतो. दुसरं म्हणजे माळावरची बंद पडलेली दगडाची खाण. जेमतेम दीड एकर, चारी बाजूंना उभ्या कातळकडा आणि उतरायला गाड्या जायच्या तो एकच उताराचा रस्ता. गाव तिला होंड म्हणतं. थोरल्या तळ्यापुढे ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. पोरांनीही ती एवढ्यासाठीच निवडली होती: लहान पाणी, हाताशी राहील, शेततळ्यासारखं सांभाळता येईल. म्हणून शेततळ्यात घालतात तसंच शेण घातलं, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घातली. बोटुकल्यांची, म्हणजे बोटाएवढ्या माशांच्या पिल्लांची, संख्याही शेततळ्याच्या हिशेबानेच धरली.

त्याच पौषात ग्रामसभेत दुसरा विषय होता, थोरल्या तळ्याचा. गाळ काढायचा होता. तो काढताना "जरा पंचवीस फूट खोलच घेऊया, तळं म्हणून किती दिवस ठेवायचं, सरोवर करूया" असा सूर निघाला. बरेच लोक खूश झाले. मला दोन्ही विषय वेगळे वाटत होते. ते एकच आहेत हे कळायला पुढचं वर्ष जावं लागलं.

नाव कशावरून द्यायचं

शाळेत आपण सोपं सांगतो: लहान ते तळं, मोठा तो तलाव, त्याहून मोठं ते सरोवर. मीही वर्गात हेच सांगत आलो होतो. पण बेळगाव शहरात फिरून बघा. किल्ल्याजवळचा तो तलाव, कपिलेश्वराजवळचा तोही तलाव, आणि जक्केरीचं मात्र होंड. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी खणलेल्या विहिरीला पंपा सरोवर असं नाव दिलं होतं. नाव देताना लोक मान देतात, आठवण जपतात, जवळीक दाखवतात. पाण्याचा स्वभाव त्यात असतोच असं नाही.

कागदावर तरी काही ठरलेलं असेल म्हणून मी शोधत बसलो. पाणथळ जागांच्या रामसर कराराच्या वर्गवारीत ८ हेक्टरच्या वरचं ते सरोवर, खालचं ते तळं. ब्रिटनमध्ये तळ्यांसाठी काम करणारे लोक तळ्याची मर्यादा २ हेक्टरवर आणतात, आणि वर्षातले निदान चार महिने पाणी टिकलं पाहिजे अशी अट घालतात. आपल्याकडे २०२२ मध्ये अमृत सरोवर मोहीम सुरू झाली, तिच्यात किमान एक एकर क्षेत्र आणि सुमारे १० हजार घनमीटर पाणी, एवढ्यावर सरोवर होतं. कर्नाटकाने २०१४ साली केलेल्या कायद्याच्या इंग्रजी नावात आधी ‘लेक’ होतं, नंतरच्या दुरुस्तीत त्या जागी ‘टँक’ आलं. कानडीत दोन्हीला केरेच म्हणतात. केंद्राच्या जलसाठ्यांच्या पहिल्या गणनेत देशभर २४ लाख २४ हजार ५४० साठे मोजले गेले. त्यातले ५९.५ टक्के तळी ठरली आणि सरोवरं एक टक्क्याहूनही कमी. दख्खनच्या पठारावर हे सहज पटतं. उत्तरेकडच्या थंड देशांत हिमनद्यांनी जमीन कोरून सरोवरं केली. आपल्याकडे तसं काही घडलं नाही. लोणारसारखा उल्केचा खड्डा सोडला तर आपलं साठलेलं पाणी बहुतेक माणसाने बांध घालून अडवलेलं किंवा खणून काढलेलं आहे.

आता आमची ११ एकर घ्या. ती होतात साडेचार हेक्टरच्या आसपास. म्हणजे रामसरच्या मापाने थोरलं तळं तळंच, ब्रिटिश मापाने सरोवर, आणि अमृत सरोवराच्या मापाने तर केव्हाचंच सरोवर. एकच पाणी, एकच बांध. क्षेत्रफळाने हा प्रश्न सुटणार नाही हे तिथेच दिसलं.

२०२२ मध्येच ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात काही संशोधकांनी जगभरची तळी आणि सरोवरं ताडून एक व्याख्या सुचवली. क्षेत्र ५ हेक्टरच्या आत, खोली ५ मीटरच्या आत आणि पाण्याबाहेर डोकं काढणाऱ्या वनस्पतींचं आच्छादन ३० टक्क्यांहून कमी असेल तर ते तळं. त्यांचा भर आकड्यांपेक्षा पाणी वागतं कसं यावर आहे, आणि मला तेच पटलं. विचारायचं ते एवढंच: सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो का, आणि वारा तळापर्यंतचं पाणी ढवळतो का? हे दोन्ही बघायला महागडी यंत्रं लागत नाहीत.

ताटली, दोरी, बाटली

पुढच्या कार्तिकात, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, आम्ही मोजायला उतरलो. थोरल्या तळ्यावर लाकडी तराफा होता. खाणीवर मात्र मी पोरांना बजावलं होतं: ट्रकच्या दोन ट्यूब, पट्टीचे पोहणारे दोघे, कमरेला दोर, आणि उतारावरून आत जायचं, कड्यावरून नाही. तळ्यात पाय घसरला तर माणूस गुडघाभर चिखलात उभा राहतो. खाणीत पहिल्याच पावलाला वीस फूट पाणी असतं. हाही तळं आणि खोल पाणी यांतला फरकच, आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या खाणीत पोरं बुडाल्याची बातमी वाचताना तो मला छळतो.

सामान असं: फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी आणि टोकाला दगड, वीतभर रुंदीची पांढरी ताटली, बूच लावलेली काचेची बाटली, बुचाला वेगळी सुतळी, प्रयोगशाळेतला थर्मामीटर. ताटलीची युक्ती आंजेलो सेक्की या इटालियन पाद्र्याची. १८६५ साली त्याने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते नोंदवलं. ती खोली दुपटी-अडीचपट केली की वनस्पतीला जगता येईल एवढा उजेड साधारण कुठवर जातो ते कळतं.

थोरल्या तळ्यात ताटली साडेतीन फुटांवर दिसेनाशी झाली. पाणी गढूळ. पण कार्तिकात मोरीपाशी खोली उरली होती साडेसात फूट, म्हणजे उजेड तळापर्यंत जेमतेम का होईना पोहोचत होता. ते डोळ्यांनाही दिसत होतंच: मधोमधसुद्धा शेवाळाच्या वेली दोरीला गुंडाळून येत होत्या, कडेला पाणकणीस, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, दोन-तीन टिबुकल्या.

बांधावर बसलेल्या मामांनी विचारलं, "काय करालाय सर, ताटली घेऊन? जेवायला बसणार काय पाण्यात?"

"उजेड मोजतोय मामा."

"उजेड बघायला मोजतात व्हय? गवत उगवलंय न्हवं तळाला? मग उजेड हाय की."

मामांनी दोन वाक्यांत सांगितलं ते मला ताटलीने कळलं होतं.

खाणीचं पाणी उलट काचेसारखं नितळ. ताटली नऊ फुटांपर्यंत चमकत राहिली. पोरं म्हणाली, बघा सर, इथे तर उजेड जास्त. पण दोरी सोडली तेव्हा गाठी मोजता मोजता छत्तीसवर दगड टेकला. छत्तीस फूट, म्हणजे अकरा मीटर. उजेड जाणार वीस-बावीस फुटांपर्यंत, त्याखाली कायमचा अंधार. तळावर एकही मुळं धरणारी वनस्पती नाही. त्या अंधारात प्राणवायू तयार करणारं कुणी नाही, आणि वरून पडणारं शेण, पेंड, मेलेलं शेवाळ मात्र कुजत राहणार.

मग बाटली. बूच लावून खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर सुतळीला हिसका देऊन बूच काढायचं, भरली की झटकन वर घेऊन थर्मामीटर बुडवायचा. थोरल्या तळ्यात दुपारी तीनला वरचं पाणी २८ अंश, तळाचं साडेसव्वीस. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्हीकडे २३. रात्रीच्या गारठ्याने आणि वाऱ्याने सगळं एक झालं होतं. खाणीत दुपारी वर २८ आणि तीस फुटांवर साडेबावीस. पहाटे परत गेलो. वर २४, खाली तेच साडेबावीस. रात्र सरली तरी वरचं पाणी खाली गेलं नव्हतं. आणि तीस फुटांवरची बाटली उघडल्याबरोबर तो वास आला. सडक्या अंड्याचा. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मेलेल्या माशांच्या सकाळचा वास तोच होता.

खाणीत काय घडलं असावं

पाणी गार होतं तसं जड होत जातं, ४ अंशांपर्यंत. म्हणून उन्हाने तापलेलं हलकं पाणी वर राहतं आणि गार पाणी खाली. इथवर पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते हे, की आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात हा थर जास्त पक्का बसतो. २८ अंशांच्या आसपास एका अंशाने पाण्याच्या घनतेत जेवढा फरक पडतो, तो ४ अंशांजवळच्या एका अंशाच्या फरकापेक्षा तीसपटीहून जास्त असतो. थंड देशातल्या सरोवराला उन्हाळाभर तापून जे साधतं, ते आमच्या खाणीला साडेपाच अंशांत साधलं. त्यात उभे कडे. वारा पाण्याला लागतच नाही. माळावर गवत झोपत असतं आणि खाणीत तरंग नसतो. थोरलं तळं उघडं आणि उथळ, त्यामुळे जवळजवळ रोज रात्री ढवळून निघतं. खाणीचं पाणी महिनोन्‌महिने दोन मजल्यांत राहतं: वरचा मजला उजेडाचा, प्राणवायूचा, माशांचा, खालचा अंधाराचा, कुजण्याचा, प्राणवायू संपलेला.

पौषात रात्री गारठल्या की वरचा मजला थंड होत होत खालच्याच्या बरोबरीला येतो. वजनातला फरक गेला की थोड्याशा वाऱ्यानेही दोन्ही एकमेकांत मिसळतात. खालचं दीड वर्षाचं साठलेलं, गंधकाच्या वायूचं पाणी एकदम वर येतं, आणि त्यातली घाण उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. कटला-रोहूंना लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की धाप लागते. त्या सकाळच्या आधी दोन रात्री बोचरा वारा सुटला होता, हे सगळ्यांनाच आठवत होतं. तरी अंदाजावर कुणाची सुटका होऊ नये म्हणून पुढच्या पौषात, त्याच दिवसांत, आम्ही परत बाटली सोडली. वर २१, खाली २१. वरच्या पाण्यालाही मंद वास. विष टाकलेल्या पाण्यात वर-खाली एकच तापमान येण्याचं काही कारण नाही. शिवाय पहिल्या वेळी कडेची बेडकं आणि पाणकिडे जिवंत होते, ही आठवण कोबीवाल्याच्या मुलीनेच काढली. कीटकनाशक पाण्यात गेलं असतं तर किडे आधी मेले असते.

आकाराने होंड, नावाने होंड, आणि स्वभावाने मात्र सरोवर. तिथे तळ्याची रीत लावली: शेण, पेंड, दाटीने मासे. उथळ तळ्यात ती घाण रोजच्या ढवळण्याने थोडी थोडी पचते. खोल पाण्यात ती साठून राहते आणि एका दिवशी सगळी परत येते.

तळ्याचं काय केलं

मग ग्रामसभेतला दुसरा विषय पुन्हा निघाला. पंचवीस फूट. मी फळ्यावर खाणीचं चित्र काढलं आणि विचारलं, थोरल्या तळ्याच्या तळाशी आपल्याला तो खालचा मजला हवा आहे का? पण खरं सांगायचं तर सभेवर परिणाम माझ्या चित्राचा झाला नाही. मामा उठले. त्यांच्या लहानपणी गाळ काढताना जुने लोक एकच सांगायचे: काळा गाळ काढायचा, पिवळी चिकण लागली की कुदळ थांबवायची. "ती चिकण म्हंजे तळ्याचं बूड हाय. बूड फोडलासा तर पाणी मुरमात जातंय. मग घ्या तुमचं सरोवर."

दुसऱ्या दिवशी पहारीने तीन ठिकाणी भोकं पाडून बघितलं. काळा गाळ दोन ते अडीच फूट, त्याखाली हातभर पिवळी चिकण, त्याखाली मुरूम. पंचवीस फूट म्हणजे चिकण फोडून दूर खाली जाणं. पाणी जिरलं असतं, कदाचित खालच्या विहिरींना लागलं असतं, पण तळं मार्गशीर्षातच कोरडं पडलं असतं. तळ्याचे उतरते काठ कापून उभे केले असते तर म्हशींची वाट गेली असती, पाणकणीस आणि कमळ गेलं असतं, त्यांच्यात घरटी करणारी पाखरं गेली असती. फाल्गुनात पाणी मागे हटलं की ओल्या काठावर लोक काकडी-दोडका लावतात, तेही गेलं असतं. तळं हे अर्धवट राहिलेलं सरोवर नाही. त्याचा उथळपणा हाच त्याचा कामाचा भाग आहे, आणि हे मी सभेत जरा आवाज चढवूनच बोललो.

काही जण नाराज झाले. खोल केलं तर पाणी जास्त साठेल हा हिशेब सरळ दिसतो, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला तो चुकीचा म्हणून सांगणं सोपं नसतं. म्हणून आम्ही तडजोड सुचवली: गाळ चिकणीपर्यंतच काढायचा, तो गाड्यांनी शेतात घालायचा, आणि बांध जिथे दबलाय तिथे माती भरून सांडव्याच्या उंचीपर्यंत नीट करायचा. दोन फुटांचा गाळ ११ एकरांतून निघाला म्हणजे साधारण २७ हजार घनमीटर जागा मोकळी झाली. तेवढी तूट खोली न वाढवताही भरून निघते, हे आकडे मांडल्यावर लोक शांत झाले. काम पुढच्या वैशाखात झालं.

खाणीसाठी पोरांनी स्वतःच ठरवलं. शेण बंद, पेंड बंद, मासे चौथाईच. आणि आणखी एक गोष्ट. पोलंडमध्ये कोर्टोवो नावाचं सरोवर आहे. तिथे १९५६ साली तळाचं कुजकं पाणी नळाने बाहेर काढायला सुरुवात झाली, वरचं चांगलं पाणी तसंच ठेवून. आमच्याकडे नळाऐवजी पंप होता. सगळे पंपाचा फुटव्हॉल्व्ह पाण्याच्या वरच्या थरात सोडतात, कारण तिथलं पाणी स्वच्छ असतं. तो तीस फुटांपर्यंत खाली सोडला तर तेच कुजकं, पण पिकाला सकस पाणी पौषाच्या आधीच थोडं थोडं शेतात जाईल.

लांब पाइप आणि पाच हॉर्सपॉवरचा पंप खाणीजवळ एकाकडेच होता. पोरं दोन दिवस त्याच्या दारावरून जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी त्यातला थोरला आत गेला आणि म्हणाला, "काका, आमचं चुकलंय." काकांनी काही बोलून दाखवलं नाही. पाइप कुठे ठेवलाय ते सांगितलं आणि मुलीला चहा टाकायला सांगितलं. कार्तिकात पंप सुरू झाला तेव्हा पहिलं पाणी काळपट आलं, वासासकट. सरीत पडून शेताच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत वास उडून गेला होता. त्या सरीत कोबीच होता.